पाणी घालणं घरवाल्यांचं

"केरबाचा पोरगा न्हवं तू?"

फाटकाची कडी काढून मी अजून आत पाऊलही टाकलं नव्हतं. अक्का मगदूम व्हरांड्याच्या वरच्या पायरीवर उभ्या होत्या. पांढरं पातळ, मोकळं कपाळ, सत्तरीचं वय, आणि नजर अशी की समोरच्या माणसानं न विचारताच कबुली द्यावी.

"व्हय. धनाजी," मी म्हटलं. "केरबा वायरमनचा थोरला."

"मग आलास तसा माघारी जा. ह्या घराला तुझ्या बापाचा हात एकदा लागलाय. तेवढा पुरे झाला."

असलं काहीतरी ऐकावं लागणार हे मला ठाऊक होतं. खरं सांगायचं तर मी तेच ऐकायला आलो होतो. दुकानात दोन कामगार रिकामे बसलेले असताना हे काम मी मुद्दाम स्वतःकडे घेतलं होतं.

"मी तुमच्या बोलावण्यावरनं आलेलो न्हाई, अक्का. तुमच्या पद्माकरनी पुण्यासनं फोन केलाय. बोर्ड, मेन स्विच, वायरिंग, अर्थिंग, सगळं नव्यानं करायचंय म्हणाले. नको असलं तर त्यास्नी सांगा."

पद्माकर हा अक्कांचा एकुलता मुलगा. नऊ वर्षांचा असल्यापासून पुण्याला मावशीकडे वाढलेला. होळीला तो बायको-मुलीला घेऊन गावी आला होता, तेव्हा त्या सहा वर्षांच्या पोरीला फ्रिजचं दार उघडताना झिणझिण्या आल्या. त्यानं धसका घेतला आणि शिरोळ तालुक्यात चांगला वायरमन कोण, असं कुणाकुणाला विचारून माझ्या दुकानाचा नंबर मिळवला. आपण कुणाच्या दारात कुणाच्या पोराला पाठवतोय, हे त्याच्या गावीही नव्हतं.

अक्का आत गेल्या. फोनवरचा आवाज बाहेर ऐकू येत होता.

"साऱ्या मुलखात दुसरा कुणी मिळाला न्हाई व्हय रे तुला?... मग मेन बदलल्याशिवाय पोरीला आणणार न्हाईस, असं म्हण की सरळ."

बाहेर आल्या तेव्हा त्यांचं तोंड कडू औषध घेतल्यासारखं झालं होतं.

"घरातलं कर. मागच्या अंगणात पाय ठेवायचा न्हाई. तिथं कुदळ लावशील तर मी तुला उभा चिरीन."

ही २००६ सालच्या मे महिन्यातली गोष्ट. तेव्हा मला बत्तिसावं चालू होतं आणि माझ्या अंगात वीस वर्षांचा राग होता.

मगदुमांचं आणि आमचं का बिनसलं हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही माहीत होतं. ह्या घराचं वायरिंग माझ्या वडिलांनी, आबांनी, चौऱ्याहत्तर साली केलं होतं. त्यानंतर बारा वर्षांनी, एका एप्रिलच्या सकाळी, अक्कांची थोरली मुलगी सुनंदा आंघोळीच्या पाण्यासाठी विहिरीवरची मोटार सुरू करायला गेली. मोटारीच्या अंगात करंट उतरला होता. पोरीचा हात लागला आणि तिथंच संपलं. एकोणीस वर्षांची होती, लग्नाची तारीख धरलेली होती.

सरकारी माणूस आला, तपासून गेला. अर्थिंग मेलंय म्हणाला. अर्थिंग म्हणजे काही मोठी विद्या नाही. जमिनीत खड्डा काढायचा, त्यात धातूचा पत्रा पुरून त्याला तार जोडायची, भोवती मीठ-कोळसा भरायचा. कुठं करंट उतरला तर तो माणसाच्या अंगातून न जाता त्या वाटेनं जमिनीत जातो. मात्र खड्डा ओला हवा. उन्हाळ्यात माती वाळते, म्हणून आठवड्याला दोन बादल्या पाणी घालावं लागतं. आजही कुठलाही वायरमन काम संपवून निघताना हेच सांगतो: उन्हाळ्यात तेवढं पाणी घालत जा.

आबांनी पोलिसपाटलाला, त्या सरकारी माणसाला आणि पुढं जन्मभर भेटेल त्याला एकच वाक्य सांगितलं. "मी खड्डा काढला, मीठ घातलं, कोळसा घातला. पाणी घालणं घरवाल्यांचं."

आणि अक्कांनी चारचौघांत कबूल केलं होतं. विहीर आटली होती, म्हणाल्या. प्यायलाच पुरत नव्हतं, त्या उन्हाळ्यात खड्ड्याला एक थेंब घातला नाही. झालं. खड्डा उकरून बघायची कुणाला गरजच वाटली नाही. अपघात म्हणून कागद मिटले.

पण अक्कांचे यजमान अण्णा मगदूम हे गावातलं मोठं प्रस्थ. त्यांनी चावडीवर उभं राहून सांगितलं, "केरबाच्या हातानं घरात दिवा लावू नका." गावानं ऐकलं. आबांचा परवाना पुन्हा झाला नाही. ज्या हातांनी अर्ध्या तालुक्यात उजेड केला ते हात पुढं चौदा वर्षं साखर कारखान्यात पोती उचलत राहिले. माणूस मुका झाला. त्यात एक विक्षिप्तपणा शिरला. घरात चांगला तांब्याचा बंब पेटलेला असताना आबा थंड पाण्यानं आंघोळ करायचे, अगदी पौषातसुद्धा. आम्ही पोरं म्हणायचो, म्हातारा हट्टी आहे.

तो बंब माझ्या जन्माच्या वर्षी आलेला. आई कौतुकानं सांगायची, पोरगं पायगुणाचं, येताना बंब घेऊन आलं.

तर मगदुमांच्या घरी मी गेलो तो नुसता बोर्ड बदलायला नव्हे. मला तो खड्डा उकरायचा होता. आत आबांनी चोख काम करून ठेवलंय हे अक्कांना, त्यांच्या पोराला आणि गावाला दाखवायचं होतं. चूक तुमची होती आणि तुम्ही माझ्या बापाला पोती उचलायला लावलीत, एवढं एकदा त्यांच्या तोंडावर म्हणायचं होतं.

पहिले तीन दिवस घरातच काम चाललं. मेन बंद केला. लोखंडी खटक्याचा जुना मेन, चिनी मातीचे फ्यूज, काळी गोल बटणं. जुन्या वायरींचं रबर हात लावला की भुगा होऊन गळत होतं. पण लाकडी पट्ट्या कशा, दोरी धरून मारल्यासारख्या सरळ. वायर धरणाऱ्या दोन चिमट्यांमधलं अंतर सगळीकडे सारखं. बोर्ड भिंतीवरून उतरवला तर मागं पेन्सिलीनं लिहिलेलं होतं: 'के. य. गुरव. दसरा १९७४.' मी त्याच नवरात्रातला. छाती भरून आली, खोटं कशाला सांगू.

अक्का माझ्या पाठीमागंच खुर्ची टाकून बसायच्या. वीज नाही, पंखा नाही, घामाच्या धारा, पण बाई हलायची नाही. तीन दिवसांत पाण्याला विचारलं नाही. मी माझी बाटली न्यायचो.

"बघा," मी बोर्ड त्यांच्यापुढं धरला. "बत्तीस वर्षं झाली. एक खिळा हललेला न्हाई."

"खिळ्यानं न्हाई मेली माझी पोरगी," अक्का म्हणाल्या.

मी बोर्ड खाली ठेवला आणि कामाला लागलो.

एक गोष्ट मी रोज बघत होतो. दहाच्या सुमाराला त्या उठायच्या, स्वयंपाकघराच्या मागच्या दारानं बादली घेऊन अंगणात जायच्या आणि पंधरा-वीस मिनिटांनी परत यायच्या. चौथ्या दिवशी मी खिडकीतून पाहिलं. मागचं अंगण उन्हानं भाजून निघालेलं, भेगा पडलेल्या. फक्त विहिरीच्या कठड्याजवळ दोन-अडीच हाताचा एक तुकडा हिरवागार होता. अक्का तिथं वाकून बादली हळूहळू रिकामी करत होत्या. एकाच जागी ओतलं तर वाहून जाईल, म्हणून चारी बाजूंनी थोडं थोडं.

ती जागा कसली हे वायरमनला सांगावं लागत नाही.

मला दया यायला हवी होती. पण आला तो संताप. माझा बाप गेला, आता ही बाई त्याच्या खड्ड्याला पाणी घालतेय! मी मागच्या दारात जाऊन उभा राहिलो.

"आता वतून काय उपयोग, अक्का? त्या उन्हाळ्यात वतायचं हुतं. दोन बादल्या घातल्या असत्या तर सुनंदाताई आज पोराबाळांत रमल्या असत्या. आणि माझा बाप पोती वाहून मेला नसता."

माझ्या तोंडून हे शब्द गेले. आज मी पन्नाशी ओलांडली आहे, पण ते शब्द परत घ्यायची काही सोय निघालेली नाही.

अक्कांनी बादली खाली ठेवली. मला वाटलं, आता शिव्या देतील, नाहीतर फेकून मारतील. पण त्यांनी पदरानं हात पुसले आणि माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"काढ खड्डा," म्हणाल्या.

"काय?"

"खण म्हणते न्हवं. त्याच्यासाठीच आलायस ना? तांब्याचा पत्रा ह्यांनी सांगलीहून आणून दिला हुता. दीड फूट लांब, दीड फूट रुंद. गाडीतनं उतरवताना सुनंदाच्या पायावर पडता पडता वाचला. सात वर्षांची हुती. पत्र्याला मी हळदकुंकू लावलं हुतं. तो वर काढ. मला एकदा बघायचंय मी काय वाळवून ठेवलं ते."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी कुदळ लावली. माणूस लावला नाही. हे काम मला माझ्या हातांनी करायचं होतं. अक्का ओट्यावर बसून होत्या.

वीस वर्षांचं मुरलेलं पाणी, त्यामुळं माती लोण्यासारखी निघत होती. दोन फुटांवर विटांचे तुकडे लागले. तीन फुटांवर कुदळीला काळं लागलं.

"कोळसा!" मी ओरडलोच. ढेकूळ उचलून वर फेकलं. "बघा, अक्का. खड्डा काढला हुता आबांनी. कोळसा घातला हुता."

अक्का काठाशी आल्या. ढेकूळ हातात घेऊन पाहिलं. "मीठ?"

"मीठ तुमच्या पाण्यानं धुऊन गेलं. पत्रा ह्याच्याखाली असतो. आता लागंल."

मी दुप्पट जोरानं खणू लागलो. कोळशाचा थर जाडजूड होता, हात आखडता घेतलेला नव्हता. मग तार लागली. लोखंडी तार, गंजून तांबडी झालेली. तिचं टोक कुठं जातं ते मी बोटांनी उकरत गेलो. टोकाला सुंभाच्या चुंबळीसारखं वेटोळं केलेलं होतं आणि ते वेटोळं नुसतं कोळशात खुपसलेलं होतं.

त्याच्याखाली अर्धा फूट कोळसा. त्याच्याखाली पिवळा मुरूम, जन्मापासून कुणी हात न लावलेला.

मी आणखी दीड फूट खाली गेलो. पहारीनं चारी बाजू ठोकून पाहिल्या. ठण् म्हणून कुठंच वाजलं नाही. तांबं कुजत नाही. हिरवं पडेल, झिजेल, पण जमिनीत राहतं. ह्या खड्ड्यात मातीलासुद्धा हिरवी छटा नव्हती. पत्र्याला तार आवळायचा बोल्ट नव्हता.

मी त्या खड्ड्यात गळ्यापर्यंत उभा होतो आणि मला आबांचं वाक्य ऐकू येत होतं. मी खड्डा काढला, मीठ घातलं, कोळसा घातला. शेकडो वेळा ऐकलेलं वाक्य. पण त्यात पत्र्याचं नाव कधीच नव्हतं.

"काय लागलं?" वरून अक्कांनी विचारलं.

"अजून न्हाई," मी म्हटलं. "खोल हाय. जेवून येतो."

माझ्या टेम्पोत जस्ताचा मुलामा दिलेला एक जुना पत्रा पडलेला होता. तो चिखलात माखून वर काढायचा आणि म्हणायचं, हा बघा. किंवा म्हणायचं, कुजून गेला. म्हातारीला काय कळणार होतं? घरी जाईपर्यंत माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

आई मोरीपाशी बसून बंबाला चिंच लावत होती. साठी उलटली तरी दर पंधरवड्याला तिचा तो उद्योग चालायचा. बंब सोन्यासारखा झळकत होता.

"आई, हा बंब कुणाकडनं घेतला हुता गं?"

"का रं मधीच?"

"सांग की."

"तांबटाकडनं. कोल्हापुरातनं." आईचा हात चालूच होता. "तू झालास तवा गारठा पडाय लागला हुता. बाळंतिणीला पाणी तापवायला घरात धड भांडं न्हवतं. मग दिवाळीच्या आधी आबांनी पत्रा मोडीत घातला नि हा आणला."

"कसला पत्रा?"

"तांब्याचा. कामावरचा उरलाय म्हणालं."

"केवढा हुता?"

आईनं चिंचेनं माखलेले हात पसरून दाखवलं. दीड फूट. मग माझ्या तोंडाकडे, माझ्या काळ्या झालेल्या कपड्यांकडे पाहिलं. तिचे हात तसेच पसरलेले राहिले.

"मगदुमाच्यात काय घावलं तुला?" तिनं विचारलं.

"काय घावलं न्हाई. तेच तर."

तिनं मग हात धुतले, पदराला पुसले आणि भिंतीला टेकून बसली.

"सुनंदा गेली त्या दिवसापासनं त्यांनी ऊन पाण्याला हात लावला न्हाई. मला वाटलं, काय नवस बोलला आसंल. एकदा इचारलं तर अंगावर आलं. मग मी इचारलं न्हाई."

मला बापाचा इतका राग आला की तो समोर असता तर मी काय केलं असतं सांगता येत नाही. पण तो राग तरी कुठं टेकवायचा? ज्या पाण्यानं आईनं मला न्हाऊ-माखू घातलं ते पाणी त्याच बंबातलं. पत्रा गेला तो माझ्यासाठीच. वीस वर्षं मी मगदुमांच्या नावानं बोटं मोडत होतो, ती बोटं त्याच पाण्यानं धुतलेली होती.

"कुजला म्हण की," आई हळूच म्हणाली. "कुणाला कळतंय? माणूस गेला, त्याचं नाव तरी राहू दे."

"ती बाई रोज पाणी घालती त्या खड्ड्याला. अजून."

"रोज?"

"वीस वर्षं. आणि काल मी तिला म्हणालो, तुझ्यामुळं पोरगी मेली."

आई उठली. बंबाची राख काढली, झाकण काढलं, आतलं पाणी मोरीत ओतलं. नळकांडं फडक्यानं पुसलं. लेकीला सासरी धाडावं तसा तिनं तो बंब उंबऱ्यापर्यंत आणून ठेवला आणि म्हणाली, "ने."

तिसऱ्या प्रहरी मी कोल्हापूर गाठलं. तांबटानं बंब वाजवून पाहिला. असला बंब मोडीत घालू नका म्हणाला. मी म्हटलं, दीड फुटी पत्रा दे, जाड. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं आटपायच्या वेळेला तो पत्रा खांद्यावर घेऊन मी मगदुमांच्या मागच्या अंगणात शिरलो.

अक्का ओट्यावरच होत्या. खड्डा उघडा होता. काठाशी पाण्यानं भरलेली बादली ठेवलेली होती. सकाळी नेमानं आणली असणार आणि उघड्या खड्ड्यात कुठं ओतायची हे कळलं नसणार.

"हा न्हवं तो," पत्र्याकडे बघून त्या म्हणाल्या. "हा नवा हाय."

"अक्का, खड्ड्यात पत्रा न्हवताच. कधीच न्हवता. आबांनी तो मोडीत घालून आमच्या घरात बंब आणला. तार नुसती कोळशात पुरली हुती. दहा-बारा वर्षं तिनं काम दिलं, मग कुजली. तुम्ही अख्खी विहीर उपसून वतली असती तरी सुनंदाताई वाचल्या नसत्या. तुमची काय सुद्धा चूक न्हवती."

"परत सांग."

मी परत सांगितलं.

"आणखी एकदा."

तिसऱ्यांदा सांगताना माझा आवाज फुटला. अक्कांचा चेहरा मात्र दगडासारखा होता.

"आमचं हे त्यानंतर आठ वर्षं जगले," त्या म्हणाल्या. "आठ वर्षांत माझ्याशी एक शब्द बोलले न्हाईत. ताट वाढलं की जेवायचे. पाणी पाहिजे असलं तर नुसता तांब्या वाजवायचे. पाणी हा शब्द माझ्यापुढं काढायचे न्हाईत. पदूला इथनं काढून माझ्या बहिणीकडं धाडला, का तर मी त्यालाही मारीन. आणि तुझा बाप! पाचव्या दिवशी आला हुता, ह्या पायरीवर. माझ्या पाया पडला. मला वाटलं, काय मोठ्या मनाचा माणूस. चूक माझी, आणि पाया हा पडतोय."

"अक्का, मी त्यांच्या वतीनं माफी—"

"गप! माफीबिफीचं नाव काढायचं न्हाई. तू कोण मागणारा? ज्यानं मागायची त्यानं पाया पडून ती गिळली. पत्रा घाल."

मी खड्ड्यात उतरलो. पत्रा खाली घेण्याआधी त्यांनी थांब म्हटलं, वाकून त्यावर तळहात टेकवला आणि खरंच तांबं आहे का ते नखानं ओरखडून पाहिलं. हळदकुंकू लावलं नाही. तार बोल्टनं आवळली ती त्यांनी मला तीन वेळा ओढून दाखवायला लावली. मग एक थर मीठ, एक थर कोळसा, पुन्हा मीठ, पुन्हा कोळसा. प्रत्येक थराला त्या काठावरनं बघत होत्या. माती लोटून जमीन सारखी केली तेव्हा उन्हं कलली होती.

मी अवजारं गोळा करू लागलो.

"झालं?" अक्कांनी विचारलं. "काम झाल्यावर तुम्ही लोक घरवाल्यांना काय तरी सांगता न्हवं? सांग की."

मी मान खाली घातली. जन्मभर प्रत्येक दारात म्हटलेलं ते पाण्याचं साधं वाक्य ह्या दारात मला म्हणता येईना.

त्यांनी पायानं बादली माझ्याकडे सरकवली.

"वीस वर्षं मी घातलं. आता तू घाल."

मी बादली ओतली. मातीनं ती एका घोटात पिऊन टाकली.

"आणखी."

मेन बंद होता, म्हणजे मोटारही बंद. विहिरीवर जुना रहाट होता. मी बादली सोडली, ओढली, आणून चारी बाजूंनी थोडी थोडी ओतली.

"आणखी."

दोराच्या घासानं तळहात सोलून निघाले. कितीदा विहिरीवर गेलो आणि आलो, ते मोजलं नाही. माती चिंब झाली, पाणी वर तरंगायला लागलं, तरी त्या "आणखी" म्हणत होत्या आणि मी ओढत होतो. ह्या जैनांच्या घरात दिवस मावळायच्या आत जेवणं उरकतात. अक्कांनी जन्मात तो नेम मोडला नव्हता, सुनंदा गेली त्या दिवशीसुद्धा त्यांना कुणीतरी उन्हं असतानाच दोन घास भरवले होते म्हणतात. त्या दिवशी सूर्य बुडाला, शेजारच्या घरांत दिवे लागले, तरी त्या ओट्यावरनं उठल्या नाहीत.

शेवटी अंधारातून आवाज आला.

"बास. माझं जेवण राहिलं आज. दिवे उद्या लाव."

आणि आत जाऊन त्यांनी दाराला कडी घातली.

मी बादली कठड्यावर पालथी घालून घरी आलो. आईनं चुलीवर पातेल्यात पाणी तापत ठेवलं होतं. मी मोरीत गेलो आणि थंड पाण्यानं आंघोळ केली.